प्रिटी येंडेच्या आधी

दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटीफ गावची एक सोळा वर्षांची झुलू मुलगी टीव्ही पाहत होती. विमान कंपनीची जाहिरात लागली आणि तिच्यातल्या दोन स्त्रियांच्या गाण्याने ती जागीच थबकली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या शिक्षकांना गाठले. याला ऑपेरा म्हणतात, असे त्यांनी सांगितले. माणसांना असे गाता येते हे कळल्यावर तिने शिकायचा हट्टच धरला. ती प्रिटी येंडे. जाहिरातीतले द्वंद्वगीत दलिबच्या १८८३ सालच्या ‘लाक्मे’ या ऑपेरातले होते. पॅरिसमध्ये बसून रंगवलेला इंग्रजी अमलातला हिंदुस्थान आणि त्यातली पुजाऱ्याची मुलगी, अशी ती कथा.

पुढचे सारे वेगाने घडले. केपटाऊन विद्यापीठात शिक्षण, २००९ मध्ये व्हिएन्नाच्या बेल्वेडेरे स्पर्धेत सर्व विभागांतली पहिली बक्षिसे, मग मिलानच्या ला स्कालात तालीम. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दुसऱ्या गायिकेच्या जागी ती जेमतेम आठवड्याच्या तयारीने उभी राहिली. प्रवेश करतानाच पायऱ्यांवर अडखळून पडली, उठली आणि रोसिनीच्या अवघड ताना अशा घेतल्या की प्रेक्षागृह तिचे झाले. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकातही ती गायली.

ही कहाणी चमत्कार म्हणून सांगितली जाते, आणि ते मला मुळीच पटत नाही. जाहिरात लाखोंनी पाहिली असेल; या मुलीचा कान मात्र आधीच तयार होता. लहानपणापासून ती चर्चमध्ये गात होती. दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांत आणि चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या समूहगान चालत आले आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात आणलेली अक्षरी स्वरलिपी, म्हणजे त्यांची सरगमच, या लोकांनी आपलीशी केली. पियानो नसला तरी अडत नसे. त्या अक्षरांवरून गावोगावच्या गायकवृंदांनी हँडेलचा ‘मसाया’ बसवला, ऑपेरातली समूहगीते स्पर्धांत गायली.

नाट्यगृहांची दारे मात्र बंद होती. केपटाऊनमध्ये १९७१ साली निको मलान हे भव्य ऑपेरागृह उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी. ती बंदी १९७५ पर्यंत टिकली. त्याच शहरात सरकारने ‘कलर्ड’ ठरवलेल्या समाजातल्या इओन ग्रुपच्या हौशी गायकांनी १९५६ मध्येच वेर्दीचा संपूर्ण ‘ला त्राव्हियाता’ सादर केला होता. दिवसभर पोटापाण्याचे काम आणि संध्याकाळी इटालियन ऑपेराची तालीम! त्यांच्यातल्या किती जणांना मेट्रोपॉलिटनपर्यंत पोचता आले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. केपटाऊनमध्ये येंडेला घडवणाऱ्या व्हर्जिनिया डेव्हिड्स वर्णभेदाच्या काळातच ऑपेराच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. शिष्येला जग मिळाले. बाईंचे नाव संगीताच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायला हवे.

म्हणून या अंकातला विशेष विभाग आम्ही गाणाऱ्यांसाठी ठेवलेला नाही. तो गाणे शिकवणाऱ्यांचा आहे: तालुक्याच्या गावी पेटी घेऊन बसणारे मास्तर, भजनी मंडळाच्या बुवांचे गुरू, गोव्यातल्या चर्चमध्ये मुलांना स्वर वाचायला शिकवणारे मेस्त. तुमच्या गावातल्या अशा गुरुजींविषयी आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.