गाव सुटते, उचल सुटत नाही

दसरा झाला की नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गावे रिकामी होऊ लागतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि दाराची कुलपे. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, बांबू, ताडपत्री, शेळ्या-कोंबड्या आणि सर्वांत वर लेकरे बसवून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे निघतात. काही टोळ्या सीमा ओलांडून थेट बेळगाव जिल्ह्यात जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, या कुटुंबांचे घर म्हणजे फडाच्या कडेची कोपी. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण दसऱ्यानंतरच्या या रांगेत त्यामुळे एका गाडीचीही घट झाली नाही.

पोटासाठी आणि लेकराबाळांसाठी गाव सोडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे खरे रूप देशासमोर उघडे केले होते. खेडे हे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे ठिकाण आहे, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर गावकुसाबाहेरचा माणूस होता. त्याआधीच नगर, नाशिक, पुणे, साताऱ्याचे हजारो लोक मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला लागले होते. दया पवार याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावचे. गाव आणि मुंबई यांच्यामधली ओढाताण त्यांनी १९७८ मध्ये ‘बलुतं’मधून मराठी वाचकांपुढे मांडली. मुंबईत जात सुटली असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. परंतु मुंबईत बलुते मागावे लागत नव्हते, महिन्याला पगार होता, युनियन होती, रात्रशाळा होती. त्या स्थलांतराने पुढच्या पिढीच्या हाती पाटी-पुस्तक आले.

उसाच्या फडाकडे होणारे स्थलांतर या जातीचे नाही. ते दरवर्षी होते आणि दरवर्षी जिथून निघाले तिथेच परत येते. आजोबाने कोयता धरला, बापाने धरला, आता नातू धरतो. गाव सोडूनही गावातले दैन्य तसेच राहते, याचे कारण काय? हा माणूस मोकळा होऊन गाव सोडत नाही. तो उचल घेऊन, म्हणजे कर्जाने बांधला जाऊन गाव सोडतो.

आधी हे दारिद्र्य आले कुठून ते पाहू. याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि सहकाराचा तो आदर्श म्हणून देशभर गाजला. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर प्रवरेच्या काठचे मळे फुलले. गोदावरी आणि मुळेच्या पाण्यानेही उत्तरेकडचे तालुके हिरवे केले. दक्षिणेचे तालुके मात्र पर्जन्यछायेतच राहिले. एकाच जिल्ह्यात एका टोकाला ऊस पिकवणारा आणि दुसऱ्या टोकाला ऊस तोडणारा, अशी ही वाटणी झाली. पाऊस दोन्हीकडे कमीच पडतो. फरक पडला तो कालव्याने. कालवा कुठे न्यायचा हा निर्णय सत्तेचा असतो.

पाण्याबरोबर जमिनीचाही प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसांनी तुरुंग भरले. त्या लढ्याचा अर्थ आज फडात नीट कळतो. ज्याच्या नावावर दोन एकर ओलिताची जमीन आहे, तो मुकादमाच्या दारी जात नाही. कोयता घेणाऱ्यांत वंजारी बांधव फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासोबत बौद्ध, मातंग, बंजारा, धनगर आणि आदिवासी कुटुंबेही आहेत. जाती वेगळ्या असल्या तरी उचल एकच आहे. म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ समजून आंबेडकरी चळवळीने बाजूला ठेवणे परवडणारे नाही.

आता उचलीचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी करतो आणि त्याला पैसे देतो. मुकादम पावसाळ्यात, गाठीला पैसा नसताना, कुटुंबाला उचल देतो. मजुराच्या हाती कराराचा कागद येत नाही. आला तर कोऱ्या स्टॅम्पवरचा अंगठा मुकादमाकडे राहतो. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत. मुकादम म्हणतो, मी फक्त मधला माणूस. हंगामात तोडलेल्या उसाचे पैसे उचलीत वळते होतात. आजारपणाने कामाला गेले नाही तर खाडा धरला जातो. पट्टा पडला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. अशा भांडणात मजुराला पळवून नेणे, डांबून ठेवणे, त्याचे बैल ओढून नेणे हे प्रकार होतात. ज्याला आपण मजुरी म्हणतो, ती प्रत्यक्षात कर्जाची परतफेड असते.

दराचा हिशेबही करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. टक्केवारी मोठी दिसते. नवरा-बायकोने मिळून दिवसात दोन टन ऊस तोडला असे धरले, तर ७३२ रुपये होतात. म्हणजे माणशी ३६६. त्यात पहाटेची तोडणी आली, मोळ्या बांधणे आले, डोक्यावरून वाहून गाडी भरणे आले. गाडी रात्री आली तर रात्रीचे जागरणही आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मिळवून दिली. साखर कारखान्याच्या गेटाच्या आतील कामगाराला ती मिळाली. गेटाबाहेरच्या फडात घड्याळच नाही.

यात स्त्रीचे काय होते? हिशेबात ती स्वतंत्र माणूस म्हणून येतच नाही. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको. उचल नवऱ्याच्या हाती, अंगठा नवऱ्याचा, श्रम दोघांचे. गरोदरपणाची रजा नाही, फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यानंतरच्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. बीडची हद्द पाथर्डी-जामखेडला लागून आहे आणि काम तेच आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या प्रसूती रजेची बाजू मांडली होती. त्याला शंभर वर्षे होत आली, तरी फडातली बाई त्या कायद्याच्या बाहेरच आहे.

येथे वकील म्हणून एक मुद्दा वाचकांपुढे ठेवतो. देशात स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. परंतु जुन्या कायद्यात काय आणि नव्या संहितेत काय, स्थलांतरित म्हणजे ‘आंतरराज्य’ स्थलांतरित. पाथर्डीची टोळी कागलला उतरली तर ती या व्याख्येत बसत नाही. तीच टोळी थोडी पुढे निपाणीला गेली की व्याख्येच्या कक्षेत येते. ऊस तोच, कोयता तोच, गावापासूनचे अंतरही जवळपास तेच. मग राज्यातल्या राज्यात तीनशे-चारशे किलोमीटर जाणाऱ्या मजुराने काय गुन्हा केला? महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करून ही फट बुजवायला हवी होती. त्याऐवजी आपल्याला महामंडळ मिळाले. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, अशी तरतूद ठरली. ती स्वागतार्ह आहे. परंतु महामंडळ योजना देते. हक्क कायदा देतो. योजना बंद पडली तर न्यायालयात दाद मागता येत नाही, हा दोहोंतला फरक कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

तरीही आपल्या हाती काहीच नाही असे मुळीच नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी बंद केली. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा वेठ आहे. पोटाची लाचारी हीही सक्तीच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने, आगाऊ रक्कम घेऊन ज्याचे दुसरीकडे काम करण्याचे किंवा ये-जा करण्याचे स्वातंत्र्य गेले, त्याचे कर्जच रद्द ठरवले. अशी वसुली करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही देणाऱ्यावर टाकली आहे. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी लागते. जिल्हा समितीवर जिल्ह्यातील अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायच्या असतात. आपल्या जिल्ह्यात या तीन व्यक्ती कोण आहेत? समितीची शेवटची बैठक कधी झाली? हंगामात ती एकदा तरी फडावर गेली का? माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकला तर उत्तर मिळेल आणि त्या उत्तरातून लढ्याची सुरुवात करता येईल.

जगाच्या दुसऱ्या टोकाला मेक्सिकोतील खेड्यांनी हेच भोगले आहे. तिथला भूमिहीन शेतकरी कुटुंब जगवण्यासाठी अमेरिकेच्या मळ्यांत जात असे. १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही सरकारांच्या करारानुसार लाखो मजूर, ज्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत, तिकडे गेले. त्यांचे शोषण झालेच. सुरुवातीच्या वर्षांत बचतीच्या नावाखाली मजुरीतून दहा टक्के कापून घेतले आणि अनेकांना ते परत मिळाले नाहीत. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती: लेखी करार आणि ओळखपत्र. साठ वर्षांनी म्हाताऱ्या ब्रासेरोंनी तेच पिवळे पडलेले कागद पुढे करून हक्क मागितला आणि २००५ मध्ये मेक्सिको सरकारला त्यांच्यासाठी निधी उभारावा लागला. आपल्या फडात तीस वर्षे राबलेल्या माणसाने उद्या हक्क मागायचे ठरवले, तर तो कोणता कागद दाखवणार?

मुलांच्या बाबतीतही तिकडचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. अमेरिकेने १९६६ पासून शेतमजुरांच्या फिरत्या मुलांसाठी शिक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. मिचोआकान प्रांतातून आलेल्या अशाच एका मजूर कुटुंबातील होसे हर्नांडेझ लहानपणी मळ्यांत काकड्या आणि स्ट्रॉबेरी तोडत असे. दुसरीच्या शिक्षिकेने आई-बापांना समजावले की, सारखी जागा बदलू नका, एका ठिकाणी राहा. त्यांनी ऐकले. तो मुलगा अभियंता झाला आणि २००९ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेला. प्रत्येक मुलगा अंतराळात जात नसतो. परंतु शाळा सलग मिळाली तर मजुराचा मुलगा कुठवर जाऊ शकतो, हे यावरून कळते. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबातील मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. दिवाळीनंतर सहावीतली मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली दिसते, तोवर या दोन्ही गोष्टी कागदावरच आहेत असे म्हणावे लागेल.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, दक्षता समिती जिवंत करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा. दुसरी, गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक मजुराची ग्रामपंचायतीत नोंद आणि लेखी करार. त्यात नवऱ्याचे नाव वेगळे, बायकोचे वेगळे आणि दोघांची मजुरी स्वतंत्र खात्यात. तिसरी, दसऱ्याच्या आधीच गावात हंगामी वसतिगृह सुरू व्हावे, म्हणजे मूल गाडीत चढणार नाही. चौथी, पावसाळ्यात, म्हणजे उचल वाटली जाते त्याच वेळी, गावाजवळ रोजगार हमीचे काम. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली. ती योग्य वेळी मिळाली तर मुकादमाच्या दारची रांग आपोआप तुटते.

पाथर्डीच्या बबनराव ढाकणेंसारख्या नेत्यांनी ऊसतोड कामगारांची संघटना बांधली, संप केले, दर वाढवून घेतले. ते काम मोठे आहे. परंतु दराच्या वाटाघाटीत उचलीचा दोर कापला जात नाही, आणि तो कापण्याचे हत्यार बाबासाहेबांनी संविधानात ठेवले आहे. चळवळीतील शिकलेल्या तरुणांनी, विशेषतः वकील बांधवांनी, येत्या पावसाळ्यात आपापल्या तालुक्यातील एक गाव निवडावे. तिथे बसून प्रत्येक उचलीची नोंद घ्यावी आणि १९७६ चा कायदा त्या ओट्यावर वाचून दाखवावा. फडात जाणाऱ्या माणसाच्या खिशात एवढा कागद असला, तरी मुकादमाला आधी विचार करावा लागेल.

जयभीम.