गाळात थांबलेला शिंपला

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष माणसाच्या घागरीकडे होते. ते स्वाभाविकच होते. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पण अशा भेगाळलेल्या तळाखाली आणखी एक जीव पावसाची वाट पाहत असतो, याची आठवण कोणाला झाली नाही. तो जीव म्हणजे गोड्या पाण्यातला शिंपला.

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी शिंपला आपल्याला परका नाही. तान्ह्या बाळाला शिंपल्याने दूध पाजणाऱ्या आज्या आपल्या घरांतून होत्याच. लॅमेलिडेन्स या शास्त्रीय नावाचा हा शिंपला नदीच्या चिखलात अर्धा रुतून राहतो. पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म कण टिपतो आणि निवळलेले पाणी बाहेर सोडतो. नदीची ही बिनपगारी गाळणीच म्हणायची!

पाणी आटू लागले की तो ओलाव्यामागे गाळात शिरतो, दोन्ही शिंपा घट्ट मिटतो आणि शरीराचे व्यवहार मंद करतो. त्याची शेजारीण, तळ्यातली मोठी गोगलगाय, तोंडावर झाकण लावून महिनोन्महिने निजते. दुष्काळ या मंडळींना नवा नाही. मात्र या युक्तीला मर्यादा आहे. गाळातला ओलावाच संपला, तर मिटलेला शिंपला किती दिवस तग धरणार? शिवाय त्याची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. डोह आटून मासे गेले, तर जुने शिंपले वाचूनही पुढची पिढी येत नाही.

समुद्रातल्या भाऊबंदांचे दुखणे निराळे आहे. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो. औद्योगिक क्रांतीनंतर समुद्राच्या पृष्ठभागाची आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे. अशा पाण्यात चुन्याचे कवच बांधणे कालवांना, विशेषतः त्यांच्या पिल्लांना, जड जाते. २००७-०८ च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील उबवणी केंद्रांत कालवांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली, ती यामुळेच. केंद्रचालकांनी पाण्यात सोडा मिसळून वेळ निभावली. पण अख्ख्या समुद्रात सोडा कोण मिसळणार? गाळातला शिंपला निदान पावसाची वाट पाहू शकतो. कालवाने कशाची वाट पाहावी?

समुद्राचा प्रश्न लातूर-नांदेडच्या हाती नाही. पण गोदावरी आणि मांजरा आपल्या दारात आहेत. धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहे, आणि ती शेतकऱ्याच्या हिताची आहे. गाळ काढू नये, असे कोणी म्हणणार नाही. मात्र पाणी सर्वांत शेवटी जिथे आटते, तो खोलगट भाग यंत्राने खरवडू नये, एवढे तरी ठरवता येईल. कारण दुष्काळात हे जीव तिथेच आसऱ्याला गेलेले असतात. वाळूच्या बेसुमार उपशाबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. वाळूबरोबर नदीचा तळ जातो आणि तळाबरोबर त्यात राहणारेही.

हजारो वर्षे दुष्काळ पचवणाऱ्या या जीवाला आपल्याकडून मदत नको आहे. पाऊस येईपर्यंत त्याला त्याच्या गाळात निवांत राहू द्यावे, एवढेच पुरे आहे.