मातृत्व : हक्क की मेहेरबानी?

प्रसूत होणाऱ्या श्रमिक स्त्रीला विश्रांती द्यावयाची, तर त्या काळात तिच्या घरची चूल कोणी पेटती ठेवावयाची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिपरिषदेत कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब असल्याने तिच्या खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलला पाहिजे, असे त्यांचे मत होते. १९२९ साली कायदा झाला. भार मात्र मालकावरच राहिला. शतक सरत आले, तरी या प्रश्नाचे उत्तर अपुरेच आहे.

शासनाने वचने दिली नाहीत असे मात्र नव्हे. राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतिविषयक साहाय्याची तरतूद करण्याचा निर्देश आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९६६ साली संमत केला, त्यात भारत १९७९ साली सामील झाला. कुटुंब हा समाजाचा मूळ घटक असून त्याला शक्य तितके व्यापक संरक्षण दिले पाहिजे, आणि काम करणाऱ्या मातेला सवेतन रजा किंवा पुरेसे सामाजिक साहाय्य मिळाले पाहिजे, असे त्या कराराचा दहावा अनुच्छेद सांगतो. अशा करारावर सही करणारे शासन दानशूर ठरत नाही. ते ऋणको ठरते.

या ऋणाची फेड कशी झाली? १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु तिचा लाभ प्रामुख्याने जिचे नाव हजेरीपटावर आहे त्या स्त्रीला. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगार स्त्रियांना तर हा हक्क मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो निकाल २००० साली त्यांच्या बाजूने लागला. शेतात, वीटभट्टीवर वा परक्याच्या घरी राबणाऱ्या बाईला मात्र रजा देणारा मालकच धड सापडत नाही.

तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याची तरतूद झाली. ज्यांना अन्य मार्गाने असा लाभ मिळतो, तेवढ्याच वगळल्या. देशव्यापी योजना २०१७ साली आली, तेव्हा सहा हजारांचे पाच हजार झाले आणि ‘प्रत्येक मातेचे’ रूपांतर ‘पहिल्या अपत्याच्या मातेत’ झाले. उरलेली रक्कम अन्य योजनेतून भरून निघेल, असा खुलासा करण्यात आला. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यालाही सहा हजारांचा लाभ मिळू लागला, पण ते अपत्य मुलगी असेल तरच! कन्याजन्माचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला. परंतु मुलगा झाला म्हणून बाळंतिणीची झीज कमी होते काय? आणि पाच हजार रुपये सव्वीस आठवड्यांवर वाटले, तर दिवसाला जेमतेम सत्तावीस रुपये पडतात. याला वेतनाची भरपाई म्हणणे ही शब्दांची थट्टा होय.

ऊसतोडणीच्या फडात हे वास्तव अधिकच उघडे पडते. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल दोघांच्या नावे घेतलेली असते आणि खाडा झाला की दंड बसतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम उचलीच्या हिशेबाकडे. अशा स्थितीत दिवस भरलेल्या बाईनेही मोळ्या उचलल्या, तर नवल नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. ज्या व्यवस्थेत स्त्रीला आपले शरीरच कामातील अडथळा वाटू लागते, तेथे कौटुंबिक जीवनाच्या संरक्षणाची भाषा पोकळ ठरते.

तिजोरीची मर्यादा आणि लोकसंख्येची वाढ हे दोन आक्षेप नेहमी पुढे येतात. करारानेही उपलब्ध साधनांची मर्यादा मान्य केली आहे, हे खरे. परंतु त्याने पावले पुढे टाकण्याची अट घातली आहे, मागे घेण्याची मुभा दिलेली नाही. तमिळनाडूने २०१८ पासून आपल्या योजनेत गरीब मातेस दोन बाळंतपणांपर्यंत अठरा हजारांचे साहाय्य, रोख व पोषणवस्तू मिळून, देऊ केले. तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. लोकसंख्येविषयी बोलावयाचे, तर जन्मलेल्या बालकाच्या आईला उपाशी ठेवणे हे कुटुंबनियोजन नव्हे.

उपाय अवघड नाहीत. अपत्याचा क्रम व लिंग यांची अट काढून टाकावी. रक्कम किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे महागाईबरोबर ती आपोआप वाढेल. ऊसतोडणीसारख्या हंगामी कामात नोंदणी गावीच करून लाभ फडापर्यंत पोचवावा. रजेचा सारा भार एकट्या मालकावर पडला, तर तो स्त्रियांना कामावर घेण्यासच कचरतो. म्हणून सार्वजनिक निधीचा विचार अटळ आहे. १९२८ साली विधिपरिषदेत मांडलेले मत हेच होते. शासनाने ते आता तरी कृतीत आणावे.