रोजची प्रार्थना आणि न विचारलेला प्रश्न

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी प्राचीन मराठी वाङ्मयाच्या तासाला सरांनी फादर थॉमस स्टीफन्सचे नाव घेतले आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडे पाहू लागला. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. सरांनीही सहज विचारले, "तुमच्या घरी क्रिस्तपुराण वाचतात का?" मी मान हलवली, ती होकाराची की नकाराची, हे माझे मलाच कळले नाही. खरे सांगायचे तर क्रिस्तपुराण दूरच, बायबलचे एक पानही मी कधी आपणहून उघडले नव्हते.

आमच्या घरी प्रार्थना होत नाही असे मात्र नाही. मच्छे येथे आमच्या गल्लीत शेजारच्या घरातून संध्याकाळी हरिपाठ ऐकू येतो, त्याच सुमारास आमच्याकडे तेर्स सुरू होते. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीतून. आजी, जिला आम्ही माय म्हणतो, ती पुढे म्हणते आणि आम्ही मागून. पाच दशके, प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना व दहा वेळा नमो मारिया. लहानपणी माझे लक्ष मण्यांपेक्षा भाताच्या वासाकडे असे. कॉलेजात आल्यावर तर हे सारे मला पोपटपंची वाटू लागले, आणि तसे मी एकदा मायला बोललेही.

ते बोलणे चुकीचे होते. प्रत्येक दशकाला एक रहस्य नेमलेले असते, म्हणजे येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. तोंडाने जप चालू असताना मनाने तो प्रसंग पाहायचा. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली नव्याने घातली. शाळेचे तोंड न पाहिलेली माय, मारिया डोंगराळ वाटेने एलिझाबेथला भेटायला कशी गेली हे असे सांगते, की जणू ती खानापूरच्या बसमधून उतरून चालत गेली असावी. चिंतन तिचे चालू होते. पोपटपंची माझी होती.

तेव्हा माझी तक्रार पाठांतराविरुद्ध नाही. तक्रार आहे ती आपण शिकणे कुठे थांबवतो याबद्दल. रविवारच्या धर्मशिक्षणाला आमच्यात दोतोर्न म्हणतात. दृढीकरणाचा संस्कार झाला की आमची दोतोर्न संपली. माझ्या बरोबरीची मुले आज कोणी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे पेपर देत आहेत, कोणी औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करीत आहेत. सगळ्यांची समज वाढली, धर्माची तेवढी चौदाव्या वर्षाच्या मापाची राहिली. त्या वयाचा सदरा आज कोणी अंगात घालील काय? मग मैत्रिणीने विचारले की, "तुमच्यात भाकरीचा तुकडा देव कसा गं होतो?", तर आम्ही हसून वेळ मारून नेतो. दोतोर्नच्या वर्गात मी एकदा हाच प्रश्न विचारला होता. "बस खाली, हे परीक्षेत येत नाही," एवढेच उत्तर मिळाले.

स्टीफन्सच्या ग्रंथाने मला धक्का दिला तो इथेच. त्या तासानंतर लाजेकाजेस्तव मी ग्रंथालयातून शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत काढलेली प्रत आणली. १५७९ साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट, आणि १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलेले हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण! ग्रंथाच्या आरंभीच त्याचा जन्म कसा झाला ते सांगितले आहे. साष्टीत धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीला विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? देवळे पाडली गेली त्या काळातला हा प्रश्न आहे, त्यातली वेदना झाकण्याचे कारण नाही. पण स्टीफन्सने त्याला खाली बसवले नाही. त्याने ग्रंथ लिहिला.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. मिस्सा लोकभाषेत होण्याची वाट व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ साली मोकळी केली. आज आपल्या सीमाभागात मिस्सा कोकणीत की मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत, यावर माणसे तावातावाने बोलतात. बोलोत बापडी. माझ्या मते मूळ मुद्दा वेगळाच आहे: ज्या भाषेत आपण घरात वाद घालतो, त्या भाषेत बायबल वाचतो का? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'नंतर, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आम्हा मराठी वाचणाऱ्यांना "समजत नाही" ही सबब उरलेली नाही. मिस्सेतील रोजची वाचने नेमून दिलेली असतात. त्यांना दहा मिनिटे पुरतात.

गेले काही महिने तेर्स संपली की त्या दिवसाचे शुभवर्तमान मी मोठ्याने वाचते. परवा द्राक्षमळ्याचा दाखला आला. मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायच्या तासभर आधीही लावतो, आणि सर्वांना सारखीच मजुरी देतो. दादा फौंड्रीत कंत्राटी कामाला आहे. तो उसळलाच. "तासभर काम केलेल्याला पूर्ण हजेरी? मग सकाळपासून राबलेल्यांनी काय करायचं?" मी काही बोलणार तोच माय म्हणाली, "नाक्यावर संध्याकाळपर्यंत कोण उभा राहतो रे? ज्याला कुणीच घेत नाही तो. म्हातारा, नाहीतर लंगडा. त्याच्या पोरांना भूक एका तासाचीच लागते का?"

दादाला ते पटलेले नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर तो फादरांना गाठणार आहे.