बंद्या रुपयाचा रंग

दिवाळींतील लक्ष्मीपूजनाचा दिवस आला, कीं पुष्कळ घरीं एक लहानसा समारंभ होत असतो. आजीच्या पेटींतील चांदीचे जुने रुपये बाहेर निघतात; कोणी चिंच, कोणी राख, कोणी दंतमंजन घेऊन बसतो, आणि वर्षभरांत काळवंडलेले ते रुपये घासून घासून लखलखीत करण्यांत येतात. हें काम बहुधा घरांतील मुलांकडे असतें. लहानपणीं तें माझ्याकडे होतें, आणि मीं तें मोठ्या उत्साहानें केलें.

आमच्या रुपयांत पंचम जॉर्ज बादशहाचा १९११ सालचा एक रुपया होता. त्या सालच्या रुपयाची कथा नाणेसंग्राहकांत प्रसिद्ध आहे. बादशहाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती कोरलेला होता. पण त्याची सोंड इतकी आंखूड उतरली, कीं लोकांस तो डुकरासारखा दिसला. लोकांत मोठा असंतोष पसरला, आणि १९१२ सालच्या रुपयावर तो हत्ती सुधारून घ्यावा लागला. ही गोष्ट मला कळली, तेव्हां मीं धांवत जाऊन पेटी उघडली. परंतु आमच्या रुपयावर हत्तीही नव्हता आणि डुकरही नव्हतें. तेथें नुसता गुळगुळीत खांदा होता. टांकसाळीनें हत्ती बिघडविला होता. मीं तो समूळ नाहींसा केला!

तेव्हांपासून माझें असें ठाम मत झालें आहे, कीं जुन्या नाण्यावर काळानें चढविलेला रंग हा मळ नव्हे. तो पुसणारा आणि तो खोटा रंगविणारा, असे दोघेही नाण्याचे अपराधी होत.

प्रथम हा रंग येतो कसा, तें पाहूं. त्या काळचा बंदा रुपया वजनानें एक तोळा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम असे. त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. (१९४० सालीं हें प्रमाण निम्म्यावर आलें, आणि १९४७ सालीं तर रुपया निकेलचा झाला.) चांदीचें गंधकाशीं मोठें सख्य आहे. हवेंत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा गंधकयुक्त वायु अत्यल्प प्रमाणांत असतो. त्याचा स्पर्श होतांच चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरूं लागतो. आपल्या उपनगरांतील वाचकांस ह्या वायूची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकाठीं, किंवा बोरीवलीहून गोराईच्या खाडीकडे जातांना, ओहोटीच्या वेळीं तिवरांच्या चिखलांतून सडलेल्या अंड्यासारखा जो दर्प येतो, तो ह्याच वायूचा. त्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट! मग पेटींतील रुपया काळा पडला, तर नवल तें काय?

परंतु तो एकाएकीं काळा पडत नाहीं. आरंभीं थर अतिशय पातळ, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही पातळ असतो. पावसाळ्यांत रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा तवंग पसरला, कीं त्यांत इंद्रधनुष्य दिसतें. तोच प्रकार येथें होतो. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, कांहीं रंग मावळतात, कांहीं उजळतात. थर वाढत जाईल तसतसा रुपया प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा दिसतो, आणि थर पुरता जाड झाल्यावर काळा. हा क्रम ठरलेला आहे. अक्षरांच्या आडोशास, कडेपाशीं, कागदाच्या घडीखालीं थर कमीअधिक चढतो. म्हणूनच तें नाणें कोठें व कसें पडून होतें, ह्याची साक्ष त्याच्या रंगांत उमटलेली असते.

आणि येथेंच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. हा थर बाहेरून चिकटलेला नव्हे. गंधकाशीं संयोग पावलेली ती नाण्याचीच चांदी होय. तो खरवडणें म्हणजे नाणेंच खरवडणें. दर दिवाळीस एक पापुद्रा, अशा हिशेबानें तीन पिढ्यांत हत्ती नाहींसा होतो. तांब्याच्या शिवराईवरील तपकिरी झांकही अशीच तिच्या अंगची आहे, आणि ती खालच्या तांब्याचें रक्षण करिते. मात्र तांब्यावर हिरवी भुकटी सुटूं लागली, तर तो रोग समजावा व जाणत्यास दाखवावें.

आतां दुसरा अपराधी. अमेरिकेंत १८७८ पासून पाडलेले चांदीचे डॉलर कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत वर्षानुवर्षें पडून होते. कापडास लागून असलेल्या कांहीं नाण्यांवर इंद्रधनुष्यासारख्या सुंदर छटा चढल्या, आणि संग्राहक त्यांस कित्येक पट अधिक किंमत देऊं लागले. किंमत आली, तेथें लबाडी आलीच! नाणें तापवून किंवा गंधकाच्या रसायनांत बुडवून, पन्नास वर्षांचा रंग एका दुपारीं चढविणारे निघाले. आपल्याकडेही अशा रंगीत रुपयांचा मोह संग्राहकांस पडूं लागला आहे. पारख करणारे रंगांचा क्रम पाहतात. खऱ्या रंगांत एक छटा दुसरींत हळुवार मिसळते. खोटा रंग बहुधा भडक असतो, डागाडागांनीं बसतो, आणि नाण्याच्या उंचसखल भागांचा विचार न करितां वरून ओतल्यासारखा दिसतो.

कोणी चतुर विद्यार्थी येथें विचारील, “दोन्हीं ठिकाणीं सिल्व्हर सल्फाइडच ना? मग एक खरें व दुसरें खोटें कसें?” प्रश्न रास्त आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें दोहोंत फारसा भेद नाहीं, आणि कधीं कधीं मोठमोठे पारखीही फसतात. भेद आहे तो साक्षीचा. खरा रंग नाण्यावर जें घडलें तें सांगतो. खोटा रंग जें घडलेंच नाहीं तें सांगतो. शिक्षेच्या भीतीनें अभ्यासाच्या वहींत मागच्या तारखा घालणाऱ्या मुलाची शाई खोटी नसते. खोटी असते ती तारीख.

माता म्हणतील, काळें नाणें लक्ष्मीपुढें कसें ठेवावें? त्यांची भावना मला मान्य आहे. पूजेसाठीं चांदीचें एक नवें नाणें वेगळें ठेवावें, आणि तें हवें तितकें घासावें. जुने रुपये घासूं नयेत. अगदींच धूळ बसली असेल, तर स्वच्छ पाण्यांत बुडवून मऊ कापडानें नुसतें टिपून घ्यावें. नाणें कडेनेंच धरावें. बोटांच्या घामाचे ठसे कायमचे उठतात. रबराच्या पट्ट्या, वर्तमानपत्राचा कागद, लोकर आणि पी. व्ही. सी.च्या पिशव्या नाण्यांपासून दूर ठेवाव्या.

शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. कर द्यावा कीं न द्यावा, असा पेंच घालणाऱ्यांकडून प्रभु येशूनें एक नाणें मागून घेतलें, आणि त्याजवर मुद्रा व लेख कोणाचे आहेत, असें त्यांसच विचारलें. पेंच घालणारे निरुत्तर झाले, परंतु त्यापूर्वीं त्यांना नाण्यावरची मुद्रा ओळखतां आली होती, हें विसरूं नये. आपल्या पेट्यांतील रुपयांसही पुढची पिढी कधीं तरी असेच प्रश्न विचारील. त्यांना उत्तर देतां आलें पाहिजे.

म्हणून विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, येत्या दिवाळीस आजीची पेटी उघडाल, तेव्हां हातांत राख घेऊं नका, भिंग घ्या. कदाचित् तुमच्या रुपयावर तो हत्ती अजून असेल.