ड्रायव्हरला कुणी मारलं, हा चुकीचा प्रश्न आहे

'द बिग स्लीप' या सिनेमाचं नाव काढलं की एक किस्सा येतोच. शूटिंगच्या वेळी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि नायक हंफ्री बोगार्ट यांच्यात वाद झाला : श्रीमंत स्टर्नवूड घराण्याचा ड्रायव्हर ओवेन टेलर गाडीसकट समुद्रात सापडतो, तो खून की आत्महत्या? मूळ कादंबरी लिहिणाऱ्या रेमंड चँडलरलाच तार केली गेली. त्यालाही ठाऊक नव्हतं. १९४९च्या एका पत्रात चँडलरनं स्वतःच हे लिहून ठेवलंय, त्यामुळे किस्सा खरा मानू. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष : 'लेखकालाच कळलं नाही, तर आपण कशाला डोकं लावायचं? प्लॉट सोडा, मूड एन्जॉय करा.'

हा सल्ला आळशी आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी गोंधळ घातला त्यांना तो सहज सोडून देतो.

आधी हिशोब करू. (पुढे स्पॉयलर आहेत. सिनेमा १९४६चा आहे, मुदत भरपूर मिळाली.) म्हातारा जनरल स्टर्नवूड ब्लॅकमेलर गायगरचा बंदोबस्त करायला खासगी डिटेक्टिव्ह फिलिप मार्लोला, म्हणजे बोगार्टला, बोलावतो. तिथून पुढे मृतांची संख्या सातवर जाते.

गायगर जनरलच्या धाकट्या मुलीला, कार्मेनला, नशेत ठेवून तिचे फोटो काढतो. तिच्यावर जीव असलेला टेलर त्याला गोळी घालतो आणि फिल्म घेऊन पळतो. जो ब्रोडी टेलरचा पाठलाग करतो, डोक्यात फटका घालून फिल्म लांबवतो. गायगरचा माणूस कॅरोल लुंडग्रेन ब्रोडीलाच खुनी समजून मारतो. हॅरी जोन्सला कॅनिनो विष पाजतो. कॅनिनोला मार्लो मारतो. जुगाराचा अड्डा चालवणारा एडी मार्स स्वतःच्याच माणसांच्या गोळ्यांनी पडतो. सातवा शॉन रीगन. तो कथा सुरू होण्याआधीच गायब आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

उरला टेलर. ब्रोडी फटका मारल्याचं कबूल करतो, खून नाकारतो. तो खोटं बोलत असेल, टेलरला गाडी चालवताना भोवळ आली असेल, किंवा त्यानं जीव दिला असेल. सिनेमा ठरवत नाही, आणि 'अखेर उलगडा' म्हणून छातीठोक उत्तर देणारे व्हिडिओ पदरचं सांगतात. पण म्हणून काय झालं? सातपैकी सहा मृत्यूंचा हिशोब लागतो. एका न सुटलेल्या कोड्यावरून अख्ख्या कथेला अगम्य म्हणणं म्हणजे एक गणित चुकलं म्हणून पेपरच कोरा ठेवणं.

मग पाहताना डोकं का गरगरतं? कारण 'कुणी' हे सांगितलंय, 'का' हे कापलंय.

हॉलिवूडमध्ये १९३४पासून प्रॉडक्शन कोड कडकपणे राबवला जात होता. कादंबरीत गायगरचं 'दुर्मिळ पुस्तकां'चं दुकान अश्लील पुस्तकं भाड्यानं देतं. सिनेमात तिथं नक्की काय चालतं ते कुणी बोलत नाही, त्यामुळे दुकानासाठी एवढी मारामारी कशाला, हे कळत नाही. कादंबरीत फोटोतली कार्मेन विवस्त्र आहे. सिनेमात ती अंगभर कपड्यांत बसलीय, त्यामुळे फोटोची एवढी भीती कशाची, हा प्रश्न पडतो. कादंबरीत लुंडग्रेन हा गायगरचा प्रियकर आहे. सिनेमात ते नातं पुसलंय, म्हणून त्याचा सूड आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे संवादात शिवी म्यूट केली की निदान कळतं, इथं काहीतरी होतं. कोडचं कसब असं की काटछाट पटकथेपासूनच सुरू व्हायची, त्यामुळे पडद्यावर भोक दिसतच नाही. प्रेक्षकाला वाटतं, आपलंच लक्ष नव्हतं.

दुसरी कात्री स्टुडिओची. सिनेमा १९४५मध्ये तयार होता, अमेरिकन सैनिकांना दाखवलाही गेला होता. मग लॉरेन बकॉलचं करिअर सावरायला तिच्या एजंटनं वॉर्नर ब्रदर्सकडे तिच्यासाठी चटपटीत प्रसंग मागितले. १९४६च्या जानेवारीत नवं चित्रीकरण झालं. घोड्यांच्या शर्यतीच्या आडून चाललेलं ते प्रसिद्ध फ्लर्टिंग तेव्हाचं. जागा करण्यासाठी जे गेलं, त्यात सरकारी वकिलाच्या ऑफिसातला प्रसंग होता. मार्लो तिथं तोवरचं सगळं प्रकरण समजावून सांगत होता! १९९७मध्ये जुनी आवृत्तीही लोकांसमोर आली, त्यामुळे दोन्ही ताडून पाहता येतात.

नवी आवृत्ती जास्त रंगते, हे मीही मान्य करतो. बोगार्ट आणि बकॉल समोरासमोर बसले की कोण मेलं याची फिकीर राहत नाही. पण रंगत हवी म्हणून स्पष्टता विकली, असं म्हणा. तो व्यवहार होता. त्याला 'नॉयरची धूसर शैली' असं गोंडस नाव कशाला?

आता रीगन. कादंबरीत त्यानं नकार दिला म्हणून कार्मेन त्याला गोळी घालते. थोरली बहीण व्हिव्हियन मार्सच्या मदतीनं ते दडपते आणि त्याच्या मुठीत सापडते. सिनेमातही मार्लो मार्सच्या तोंडावर कार्मेनचं नाव घेतो. पण मार्स मेल्यावर तो पोलिसांना फोन करून रीगनचा खून मार्सच्या खात्यावर टाकतो. कार्मेनला उपचारासाठी पाठवायचं ठरतं. व्हिव्हियन नायकाची होते. दोन मिनिटांत सगळं उरकतं, आणि आधीच गरगरलेला प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो.

म्हणजे बड्या घरचा खून मेलेल्या गुंडाच्या नावावर चढवला गेला, तोही आपल्या प्रामाणिक नायकाच्या हातून. चँडलरच्या कथेचा गाभा हाच आहे : पैसेवाल्यांच्या घरात प्रेत पुरतं, आणि पुरायला मदत करणारे पगारावर असतात. 'प्लॉट सोडा' म्हणणारे नेमकं हेच सोडतात. ड्रायव्हरच्या कोड्यावर सगळे हसतात आणि उघड्यावर पडलेली लबाडी कुणाला दिसत नाही.

कुठलाही डिटेक्टिव्ह पहिला प्रश्न विचारतो : फायदा कुणाचा? तोच प्रश्न गोंधळालाही विचारा. पुढच्या वेळी एखादी कथा कळली नाही, तर 'मला कळलं नाही' म्हणून गप्प बसू नका. काय कापलं, कुणी कापलं आणि त्यातून कोण वाचलं, ते बघा.