पीक अवर कुणाचा?

संध्याकाळ झाली की शहर एकदम स्विच दाबतं. दिवे, पंखे, एसी. हा त्यांचा पीक अवर. कोळशाचा थंड बॉयलर तापायला तासन्‌तास लागतात. तेलावरचं टर्बाइन काही मिनिटांत वीज देतं. म्हणून इंग्लंडनं आयल ऑफ वाइट बेटावर, कौजला, 1982 साली 140 मेगावॅटचं तेलाचं केंद्र उभं केलं. एरवी झोपायचं, टंचाईच्या तासाला उठायचं. तेल महाग, तरी जाळलं.

आणि बुलढाण्याचं संग्रामपूर? आपल्याकडं टंचाईला तेल जाळत नाहीत, खेडं विझवतात. 2005 नंतरच्या भारनियमनात मुंबई झगमगत राहिली, खेडी बारा-बारा तास काळोखात. शहराच्या पीक अवरसाठी गावचं पीक करपलं! पंपाला वीज आळीपाळीनं: दिवसा 8 तास, नाहीतर रात्री 10. रात्री साप-विंचवांत ओलित करायला कोण जातं? बागायतदार? छट्! त्याचा सालदार जातो. आपला बाप, आपला भाऊ.

1943 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी बजावलं होतं, वीज स्वस्त नि मुबलक हवी. दोस्तांनो, सबस्टेशनच्या दारात जा नि विचारा: टंचाई पडली की पहिला स्विच आमचाच का पडतो?